चुलीमागे दहा हजार लिटर

समता आणायची तर कुणीतरी तिच्यासाठी आयुष्य वेचावं लागतं. शांताराम म्हात्रे यांनी ते वेचलं, आणि त्यांच्या हयातीतच समता आमच्या गावात अर्ध्या इंची नळापर्यंत येऊन पोचली. मंगळवारी आणि शनिवारी ती येत नाही.

म्हात्रे आमच्या नगरपंचायतीत पाणीपुरवठ्याचे वरिष्ठ लिपिक होते. विभाग म्हणजे ते स्वतः, एक टेबल आणि टेबलावरचा झाकणाचा तांब्या. समोरच्या टेबलावर मी जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवत असे. माझ्याकडे माणसं आयुष्यात दोनदा येत, आणि दोन्ही वेळा स्वतः येत नसत. म्हात्र्यांकडे ती दर महिन्याला येत आणि भांडत. सतरा वर्षं आम्ही असे समोरासमोर बसलो. मी पुस्तकं वाचतो हे कळल्यापासून त्यांनी मला 'पंडित' म्हणायला सुरुवात केली. त्यात थट्टा किती आणि आदर किती हे मी कधी विचारलं नाही. अर्धं अर्धं असावं असं समजून चाललो.

आमचं गाव दिघीच्या खाडीच्या या अंगाला आहे. श्रीवर्धनला किंवा हरिहरेश्वरला ज्यांना खोली मिळत नाही ते पर्यटक आमच्याकडे येतात आणि आपण मुद्दामच शांत जागा निवडली असं एकमेकांना सांगतात. त्यामुळे गावात दर तिसऱ्या घरावर 'निवास' असं लिहिलेलं आहे. सागर निवास, माउली निवास, सुपारीबाग निवास. ज्यांचं घर आहे ती माणसं मागच्या पडवीत निवास करतात.

म्हात्रे या गावचे नव्हते. ते वरच्या अंगाचे, पेणच्या पलीकडच्या एका मिठागराच्या गावातले आगरी. बुटके, रापलेले, खांद्यात जरा वाकलेले. शर्टाच्या खिशात पेन नाही, पेन्सिल. दर, मागणी, थकबाकी, सगळं आधी पेन्सिलीने. शाईने लिहिलेलं माणूस पुन्हा वाचत नाही असं त्यांचं मत होतं. त्यांच्या बोलण्यात 'ण' आणि 'ळ' ही अक्षरं नव्हती, आणि 'ड'चा कधी कधी 'र' होई. पाणीपुरवठा विभागाचा प्रमुख आयुष्यभर 'पानी' आणि 'नल' म्हणत राहिला. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. "पंडित," ते म्हणायचे, "तुमच्या पान्याला जास्ती दर लावू का?"

त्यांची जीभ मात्र बोलण्यापेक्षा दुसऱ्याच कामाची होती. पाण्यात मिठाचा कण असला तरी त्यांना कळे. गावात कुणाच्या घरी गेले की चहा नाकारत आणि पाणी मागत. एक घोट घेऊन तो तोंडात धरत, खिडकीबाहेर बघत, मग गिळत आणि सांगत, हे टाकीचं, हे बोअरचं, ह्यात दोन्हीची भेसळ. एकदा नवे मुख्याधिकारी आले तेव्हा त्यांनी या विद्येची परीक्षा घ्यायची म्हणून पाच पेले भरून ठेवले. म्हात्र्यांनी पाचही बरोबर सांगितले आणि पाचव्याबद्दल एवढंच म्हणाले की हा पेला नीट धुतलेला नाही. साहेबांना ते आवडलं नाही.

ही जीभ त्यांना मिठागराने दिली होती. त्यांच्या लहानपणी चारी बाजूंना पाणीच पाणी होतं आणि पिण्याचं पाणी दुसऱ्या गावाहून डोक्यावर येई. आई ते वाटायची. आधी आजारी माणूस, मग पाहुणा, मग अंगावर पिणारं मूल असलेली बाई, मग बाकीचे, शेवटी ती. "माज्या आयनं काय दरपत्रक न्हाय छापलं," म्हात्रे म्हणायचे, "पन एक दिवस तक्रार न्हाय आली." जगातल्या सगळ्या नगरपालिकांच्या नियमांत जे काही शहाणपण आहे ते या ओळीच्या आत कुठेतरी येतं, असं त्यांना मनापासून वाटे. मला तेव्हा ते भाबडेपण वाटलं होतं.

त्यांचा एकच फोटो आमच्या कार्यालयात आहे. नव्या पाणी योजनेचं उद्घाटन झालं त्या दिवशीचा. मांडवात एक नळ उभारला होता, झेंडूच्या माळा घातलेला. पाहुण्यांनी तो सोडला, पाणी पडलं, टाळ्या झाल्या, मग भाषणं सुरू झाली आणि नळ तसाच. तिसऱ्या भाषणाच्या मध्यात म्हात्रे उठले, व्यासपीठावर चढले, नळ बंद केला आणि परत येऊन बसले. फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला. खाली सगळ्या मान्यवरांची डावीकडून उजवीकडे नावं आहेत. मधल्या पाठमोऱ्या माणसाचं नाव नाही.

त्या योजनेबरोबर घरोघरी मीटर आले. तोवर आमच्याकडे नळामागे वर्षाची ठरावीक पट्टी होती. एकट्या म्हातारीचा नळ अर्धा इंची, आठ खोल्यांच्या निवासाचा नळही अर्धा इंची, म्हणून पट्टी सारखी. म्हातारी दिवसाला दोन हंडे भरे. निवासात सकाळी आठ शॉवर एकदम सुरू होत, आणि टोकाच्या आळ्यांत नळ नुसता फुसफुसे. आता मीटरप्रमाणे दर ठरवायचे होते, कुणाला सवलत द्यायची हे ठरवायचं होतं, आणि त्याचा मसुदा म्हात्र्यांनी करायचा होता. निवृत्तीला चार वर्षं उरलेली. या माणसाला आयुष्यात एवढी एकच गोष्ट करायला मिळाली, आणि ती तेवढी एकच गोष्ट त्याला करायची होती.

सवलत कुणाला, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. चुलीला. माणसागणिक नाही, कारण माणसं मुंबईत असतात आणि नावं इथे. घरागणिक नाही, कारण एका घरात तीन संसार असतात आणि दुसऱ्यात एकही नसतो. चूल मात्र खोटं बोलत नाही. गॅस असो, स्टोव्ह असो, तीन दगड असोत, त्यांच्या लेखी ती चूल. मग त्यांनी गावातल्या चुली मोजायला घेतल्या. वही, पेन्सिल, छत्री. घरात जायचं, पाणी मागायचं, चूल बघायची, बर्नरला किंवा राखेला हात लावायचा. बायका आधी बावरल्या, नंतर म्हात्रे येणार म्हटलं की ओटा पुसून ठेवू लागल्या.

सुपारीच्या वाड्यांच्या आळीत दोन भाऊ एकत्र राहत. आतून भांडलेले, पण जेवण एक. दोन चुली असतील तर दोन सवलती हे त्यांना कळलं. म्हात्रे गेले तेव्हा माजघरात दुसरी शेगडी मांडलेली, तिच्यावर दूध, आणि शेगडीला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. धाकटी जाऊ दूध ढवळताना हसू दाबत होती. म्हात्र्यांनी चिठ्ठी पाहिली, दूध पाहिलं आणि दोन चुली लिहिल्या. मी नंतर विचारलं, असं कसं? म्हणाले, "भांडान खरं हाय. चूल होल उद्या." आणि झाली. पुढच्या महिन्यात दोन भाऊ खरोखर वेगळे जेवू लागले. शेगडी आणलेलीच होती, मग वापरली. ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगत असे. म्हात्रे कधी हसले नाहीत. "मी मोजाया गेलो," ते म्हणायचे, "आनि मीच वेगली केली." त्यानंतर ते नवी दिसणारी शेगडी बघायलाच नको म्हणत.

माजी नगराध्यक्षांचं गावाबाहेर रिसॉर्ट होतं. त्यांनी फाटकाशी एक देऊळ बांधलं, गुडघ्याएवढं, आणि सगळ्या जागेला धार्मिक स्थळाचा दर मिळावा म्हणून अर्ज दिला. म्हात्रे पाहणीला गेले. पुजाऱ्याला विचारलं, देवाला रोज किती पाणी लागतं. पुजारी सरळ माणूस, म्हणाला पाच तांबे, सोमवारी सात. म्हात्र्यांनी परत येऊन अर्जावर लिहिलं: 'अर्जातील देवास रोज पाच तांबे, सोमवारी सात तांबे पाणी धार्मिक दराने द्यावे. बाकीचे पाणी पोहण्याच्या तलावात जाते, तिथे देव आढळला नाही.' माजी नगराध्यक्षांनी हा शेरा कोर्टात नेण्याची धमकी दिली. पुढे त्यांनी तो कुणालाच दाखवला नाही.

म्हात्रे राहत होते सागर निवासच्या मागे. रमेश नाखव्याचं ते घर. पुढे पर्यटकांच्या आठ खोल्या, मागे विहिरीच्या वाटेला दोन जुन्या खोल्या. एकीत म्हात्रे भाड्याने, एकटे. लग्न त्यांनी केलं नव्हतं, विचारलं तर राहून गेलं म्हणत, जसं छत्री राहून जाते. दुसरीत रमेशची चुलती काशीबाई. नवरा खाडीवर गेला तो परत आला नाही, त्याला तीस वर्षं झाली. त्याच्या मृत्यूची नोंद माझ्या आधीच्या माणसाने केली आहे. दोन्ही खोल्यांना मिळून एक जुना नळ, काशीबाईच्या नवऱ्याच्या नावावर. दोन खोल्या, दोन चुली. संध्याकाळी म्हात्रे भात टाकत, ती कालवण. वाटी इकडून तिकडे जाई, पण चुली दोनच राहिल्या. "वांगडात, एका चुलीवर जेवलो त काय बिगरत न्हाय," काशीबाई म्हणे. "पन मंग तुमी एकच मोजाल."

मसुदा त्यांनी रेघांच्या वहीत लिहिला. एका दुपारी माझ्या टेबलावर ठेवला. "पंडित, जरा सुद करून द्या. सायेब म्हनले, ही भाषा सभेत चालनार न्हाय."

तो मसुदा मला अजून पाठ आहे. 'एका चुलीला महिन्याला पहिले दहा हजार लिटर पाणी कमी दराने द्यावे. एकट्या बाईच्या चुलीला त्याच्या निम्म्या दराने द्यावे. जिथे पैसे घेऊन माणसे ठेवतात तिथे पहिली चूल घराची, बाकी सगळे पाणी धंद्याचे.' संपलं.

मी तो शुद्ध केला. मला दुसऱ्यांच्या भाषणातला बडेजाव लगेच ओळखू येतो, आयुष्यभर त्यावर मी हसत आलो. स्वतःच्या हस्ताक्षरात तोच बडेजाव वळणदार दिसतो. चूल हा शब्द सरकारी कागदावर मला उघडा वाटला. मी लिहिलं: 'प्रत्येक निवासी एककास दरमहा प्रथम दहा हजार लिटरपर्यंत सवलतीचा दर अनुज्ञेय राहील. एकल महिलाप्रमुख निवासी एककास अतिरिक्त सवलत अनुज्ञेय राहील. अनिवासी व इतर वापरास व्यावसायिक दर लागू राहील.' पैसे घेऊन माणसं ठेवण्याचं वाक्य मी काढून टाकलं. 'निवासी' म्हटल्यावर ते आलंच, दुहेरी कशाला. मला ते फार नेटकं वाटलं.

म्हात्र्यांनी ते तीनदा वाचलं. बोट शब्दाखाली ठेवून. मग तांब्यातलं पाणी प्याले आणि म्हणाले, "भारी झालंय, पंडित. मना समाजलं न्हाय, म्हंजे मंजूर होल."

मंजूर झालं, एकमताने. माजी नगराध्यक्षांनी स्वतः अनुमोदन दिलं, याचं आम्हा दोघांनाही नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं. म्हात्र्यांना शाल आणि नारळ देण्यात आला. नगराध्यक्षांनी त्यांना 'जलदूत' म्हटलं आणि त्यांचं नाव सखाराम घेतलं. नारळ त्यांनी काशीबाईला दिला. तिने तो खवून माशाचं झणझणीत तिखलं केलं आणि ते आम्ही तिघांनी तिच्या पायरीवर बसून खाल्लं. मला इतक्या आनंदात ते पुन्हा दिसले नाहीत. शाल त्यांनी घडी न मोडता पेटीत ठेवली.

पहिली बिलं निघाली तेव्हा कळलं. निवास चालवणाऱ्यांकडे पर्यटन खात्याचं प्रमाणपत्र असतं, 'न्याहारी व निवास' योजनेचं. त्यावर छापलेलं असतं: निवासी खोल्या, आठ. त्यांनी ते जोडून अर्ज दिले. आठ खोल्या, आठ निवासी एककं, ऐंशी हजार लिटर सवलतीने. नगरपंचायतीने वकिलाचा सल्ला घेतला, तोही म्हणाला, ठरावाच्या शब्दांत बसतं. रिसॉर्टला एकवीस एककं मिळाली. देवाचे पाच तांबेही कुणाला लागले नाहीत.

आणि काशीबाईच्या खोलीला स्वतंत्र घर क्रमांक नव्हता. घर क्रमांक नाही म्हणून निवासी एकक नाही, निवासी नाही म्हणून 'इतर', आणि इतर म्हणजे हॉटेलचा दर. पुढच्या आठ खोल्यांना सवलत होती आणि मागच्या दोन चुलींना नव्हती. म्हात्र्यांनी वाचवायला घेतलेली म्हातारी गावातलं सगळ्यात महाग पाणी पीत होती.

रमेश काही वाईट माणूस नव्हता. तो खिडकीवर येऊन संकोचाने म्हणाला होता, "काका, मी काय मागलं न्हाय. तुमच्या कागदानंच दिलं." हे खरं होतं. चुलतीचं बिल मी भरतो असंही तो म्हणाला, आणि काशीबाईने त्याला हाकलून दिलं. नळ तिच्या नवऱ्याच्या नावावर होता.

त्यानंतरच्या एका रविवारी मी म्हात्र्यांच्या खोलीवर गेलो होतो. काय करता येईल ते बघायला. काशीबाईने नेहमीसारखे दोन पेले आणून ठेवले. मी पाणी प्यालो. म्हात्र्यांनी घोट घेतला आणि तो तोंडात धरला. बराच वेळ धरला.

"काशीबाय," ते म्हणाले, "ह्याच्यान मीठ हाय."

ती पदराने हात पुसत उभी राहिली. "व्हय. हीरीचं हाय." मग जराशाने, "तुमच्या नलाचं पानी मना परवडत न्हाय आता."

खाडीकाठची ती विहीर. गावात तिच्यावर भांडी घासायलासुद्धा कुणी जात नाही. पाहुण्याला ते पाणी देताना तिच्या मनात काय होतं कोण जाणे. बहुधा एवढंच की म्हात्रे पाहुणे नव्हेत. म्हात्र्यांनी पेला पूर्ण संपवला आणि पालथा घातला.

परतताना ते मला वळणापर्यंत सोडायला आले. माझी सुपारीची वाडी आहे. मुलाने तिथे वर्षभरापूर्वी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. त्या विषयावर आमचं कधी बोलणं झालं नव्हतं, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं.

"पंडित," ते म्हणाले, "तुमच्या वारीत खोल्या किती?"

"चार."

"बरं."

एवढंच. मी त्यांना सांगायला हवं होतं की मसुदा शुद्ध करताना त्या चार खोल्या माझ्या डोक्यातही नव्हत्या. ते खरं आहे. पण चाळीस वर्षं वाचन केलेला माणूस 'निवासी' या शब्दाचा अर्थ, दारावर तो अर्थ रंगवलेला असताना, विसरला, यावर मी स्वतःच विश्वास ठेवला नसता. त्यांनी त्यानंतर तो विषय काढला नाही, आणि मला पंडित म्हणणंही सोडलं नाही. सोडलं असतं तर सोपं गेलं असतं. घरी जाऊन मी मुलाला सांगितलं की आपण ही सवलत घ्यायची नाही. त्याने चौकशी केली. सवलत सोडण्याचा अर्ज छापलेला नाही.

म्हात्र्यांनी दुरुस्तीचा प्रस्ताव दिला. एक ओळीचा: 'निवासी एकक याऐवजी चूल असे वाचावे.' उत्तर आलं की चूल या संज्ञेची व्याख्या उपलब्ध नाही, ती सादर करावी. त्यांनी सादर केली. ते वाक्य त्यांनी मला दाखवलं नाही. पुढे एकदा फाइल हाताळताना कार्यालयाच्या प्रतीत मी ते वाचलं. पेन्सिलीने नव्हतं, शाईने होतं. 'जिथे रोजचा भात शिजतो आणि त्याचे पैसे घेत नाहीत, ती चूल.' मी ते दोनदा वाचलं. एकही शब्द बदलावासा वाटला नाही. त्याखाली कुणीतरी शेरा मारला होता: भाषा सुधारून फेरसादर करावे.

ते फेरसादर करत राहिले. मुख्याधिकारी बदलले, फाइल नव्या साहेबांना पहिल्यापासून समजावून सांगावी लागे. दर वेळी साहेब म्हणत, मुद्दा रास्त आहे. निवृत्तीचा दिवस आला, पुन्हा शाल, पुन्हा नारळ. सगळ्यांना वाटलं आता म्हात्रे गावी जातील. गेले नाहीत. ठराव व्हायचाय म्हणाले. मागल्या खोलीतच राहिले, आणि दर सोमवारी सकाळी कार्यालयात येऊन नागरिकांच्या बाकावर बसू लागले. त्यांच्या जागी आलेला माणूस त्यांना 'बोला आजोबा' म्हणायचा. ते विचारायचे, विषय अजेंड्यावर आला का. नाही म्हटलं की उठायचे, जाताना बाहेरच्या बेसिनचा गळका नळ आवळायचे. तो नळ आवळून बंद होणारा नव्हता, वायसर गेलेला होता. हे त्यांना माहीत होतं.

काशीबाईसाठी ते सकाळी एक कळशी कार्यालयातून भरून नेऊ लागले. वाकलेला निवृत्त लिपिक कळशी घेऊन बाजारातून चाललेला लोक बघत. कुणी विचारलं तर म्हणत, सरकारी पानी हाय, गोड हाय. नव्या माणसाने एकदा हटकलं की कार्यालयाचं पाणी बाहेर नेता येत नाही. त्यानंतर ते आमच्या वाडीवरून नेत. चार एककांतली एक कळशी.

मग ते आजारी पडले. मूत्रपिंडं. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं, दिवसाला इतके पेले आणि त्यावर नाही. हे सांगताना ते हसले होते. म्हणाले, "आता माजंच रेशन लागलं."

पेणहून पुतणी न्यायला आली. दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीने आणि पुढे गाडीने, असं ठरलं. मी धक्क्यावर गेलो. काशीबाईने त्यांना वाटेसाठी एक बाटली भरून दिली होती. या वेळी नळाचं, असं तिने पुतणीला दोनदा सांगितलं होतं. म्हात्रे बाकावर बसले होते, शर्ट ढगळ होईल इतके बारीक झालेले, खिशात पेन्सिल. त्यांनी त्यांच्या वाटणीचा एक घोट घेतला, तोंडात धरला, आणि बाटली माझ्याकडे दिली.

मी प्यालो. "मीठ आहे का?" मी विचारलं.

"तुमाला लागलं?"

"नाही."

"मंग न्हाय," ते म्हणाले.

त्यांनी मला तेवढ्यात काय दिलं आणि काय दिलं नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

बोट लागली. गाड्या चढू लागल्या. ते म्हणाले, "एक काम करा. तुमच्या वहीत माजं नाव लिवाल तवा पत्त्यात 'मागली खोली' लिवा. ते एकक का काय ते नको." मी हो म्हणालो. पुतणीने त्यांना हाताला धरून नेलं. धक्क्याच्या शेडशी पाणपोईची टाकी आहे, तिचा नळ कुणीतरी अर्धवट सोडून गेलं होतं. अर्ध्या वाटेवरून ते मागे वळले, पुतणीचा हात सोडवला, सावकाश टाकीपाशी गेले आणि नळ बंद केला. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मग बोटीवर चढले. बोट निघाल्यावर ते कुठल्या बाजूला बसले आहेत ते मला दिसलं नाही.

तीन आठवड्यांनी ते तिकडच्या इस्पितळात वारले. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे होतो तिथे होते, असा नियम आहे, आणि तो मीच लोकांना वर्षानुवर्षं समजावून सांगत आलो आहे. त्यामुळे त्यांचं नाव माझ्या वहीत आलं नाही. पत्ता काय लिहिला गेला ते मला माहीत नाही.

मागल्या खोलीला रमेशने रंग दिला, फरशी घातली, ए.सी. आणि शॉवर बसवला. ते भात टाकायचे त्या ओट्यावर आता टीव्ही आहे. पर्यटन खात्याच्या नव्या प्रमाणपत्रात ती धरली गेली आहे. सागर निवास, निवासी एकक क्रमांक नऊ. पहिल्या दहा हजार लिटरला सवलत आहे.